भरवशाची शांतता

"हा नको." दुकानदार ऑर्विलनं ट्रीनाच्या हातातला, पोलिसांचे आणि अग्निशमन दलाचे रेडिओ कॉल ऐकायचा छोटा स्कॅनर काढून घेतला आणि परत काचेच्या कपाटात ठेवला. "हा बोलतो छान. पण मध्येच गप्प बसतो, आणि का गप्प बसला ते सांगत नाही."

"माझ्याकडचा जुनाही तेच करतो."

"करणारच. जिल्ह्यानं नवी यंत्रणा आणली, पोरी. आता दोन-तीन टॉवर एकच गोष्ट एकदम बोलतात. स्वस्त सेटचा गोंधळ उडतो. कॉल येऊन जातो आणि तू आपली समजतेस, सगळं शांत आहे."

ट्रीनाची नजर दुकानाबाहेर होती. चौकातून एक निळा पिकअप गेला, तशी ती बोलता बोलता थांबली. पण तो तिच्या नवऱ्याचा, ड्वेनचा, नव्हता.

"म्हणजे सेट गप्प असला, तर कॉल आलाच नाही असं धरता येत नाही?"

"त्याच्यावर नाही येत." ऑर्विलनं खालच्या खणातून एक काळा, जाड सेट काढला. "याच्यावर येतं. आग, पोलीस, रुग्णवाहिका, सगळं. हा गप्प तर जिल्हा गप्प."

"हाच द्या."

"किंमत तरी विचार."

तिनं विचारली, ऐकली आणि पाकीट उघडलं. ऑर्विल चष्मा नाकावर घेऊन सेटमध्ये जिल्ह्याच्या वाहिन्या भरत बसला. गावच्या स्वयंसेवक अग्निशमन दलात त्याची हयात गेली होती.

"ड्वेनचा दलातला नंबर बारा ना? माझा नऊ होता. मी निघालो की आमची मार्था अशीच कान लावून बसायची. काळजी वाटते, नाही?"

"वाटते."

"त्यात या वर्षी कोठारंच पेटतायत. ओला चारा रचतात, तो आतून तापतो. सांगून थकलो लोकांना. पण तुझा नवरा मात्र दर वेळी सगळ्यांच्या आधी हजर. उगाच नाही दलानं सन्मानाची ढाल दिली त्याला."

"त्या ढालवाल्याला म्हणावं, एकदा घराकडेही बघ. अंगणातलं गवत गुडघ्याला लागलंय. आणि गवतकापणीच्या यंत्राचा पेट्रोलचा डबा कधीही बघा, रिकामा."

ऑर्विल हसला. "मीही तसलाच होतो. मार्थाला विचार."

सेट तिनं कपडे धुण्याच्या खोलीत, साबणाच्या खोक्यामागे लपवला. तिथे ड्वेन कधी फिरकत नसे.

उन्हाळा संपल्यापासून तो आठवड्यात एकदा तरी 'कॉल आहे' म्हणून उठायचा. कधी खरंच कुणाचं तरी कोठार जळालेलं असायचं. कधी परत येऊन सांगायचा, काही नव्हतं, फुसका निघाला. पण फुसक्या कॉलनंतरही त्याच्या शर्टाला धुराचा वास असायचाच. तसा वास कॉलीनच्या खानावळीत, मागच्या शेगडीजवळ उभं राहिलं तरी लागतो. घटस्फोटानंतर कॉलीन पुन्हा केस मोकळे सोडू लागली होती, आणि ड्वेनला तिची कॉफी घरच्यापेक्षा बरी लागत होती.

ट्रीनानं ठरवून टाकलं होतं. तो गेला आणि हा सेट गप्प राहिला, तर त्याच संध्याकाळी डेटनला बहिणीकडे. बॅग ड्रायरच्या मागे भरून ठेवली होती.

रविवारी दिवस मावळताना दोघं जेवायला बसले. ड्वेनचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. बटाटे तसेच ठेवून त्यानं कमरेला हात लावला.

"पेजर."

"वाजला नाही तो."

"थरथरतो. तुला त्रास नको म्हणून आवाज बंद ठेवलाय."

"कुठे आहे?"

"स्टाउडरकडे. कोठार."

"दोन घास तरी खाऊन जा."

"आग थांबते का कुणासाठी?" त्यानं तिच्या कपाळावर ओठ टेकले, बूट उचलले आणि पिकअप काढला.

ती धावतच कपडे धुण्याच्या खोलीत गेली. सेटचा आवाज वाढवला. एक पोलीस सांगत होता की महामार्गावर हरीण मरून पडलंय. रुग्णवाहिकेनं कुणा आजीला दवाखान्यात पोचवल्याचं कळवलं. सेट ठणठणीत होता. आगीबद्दल मात्र चकार शब्द नाही.

तिनं बॅग ओढून काढली. कोटाची एक बाही चढवली. मग काय वाटलं कोण जाणे, तिनं खानावळीत फोन लावला. उचलला कॉलीननंच. मागे ताटल्यांचा आणि माणसांचा गलका होता.

"ड्वेन आलाय का गं तिकडे?"

"इथे? रविवारी इथे उभं राहायला जागा नसते, बाई. का, हरवला की काय?"

"स्टाउडरकडे आग लागलीय म्हणाला."

कॉलीन खळखळून हसली. "स्टाउडरकडे? अगं, दोघं नवरा-बायको माझ्यासमोर बसून ॲपल पाय खातायत. म्हाताऱ्यानं दुसरा तुकडा मागितलाय. देऊ फोन?"

"नको, नको. काहीतरी चुकलं असेल."

"तुझ्यासाठी ठेवू का एक तुकडा?"

"ठेव." ट्रीनाला हसू फुटलं. "दोन ठेव."

फोन ठेवून ती ड्रायरला टेकून उभी राहिली. म्हणजे भानगड कॉलीनशी नव्हती. कॉलीन संध्याकाळभर ॲपल पाय वाढत होती. इतक्या आठवड्यांचं ओझं उतरलं. खोटं तो बोलला होता, ते तर उघड होतं. पण पुढच्या आठवड्यात तिचा वाढदिवस होता; भेटीची काहीतरी खटपट चालली असणार, आणि ड्वेनला गुपित कधी नीट ठेवता आलं नव्हतं. तिनं कोटाची बाही काढली, बॅग परत जागेवर सरकवली आणि बटाटे गरम करायला निघाली.

ती दारात पोचली तोच सेटमधून दोन लांब सूर आले, एक खालचा, एक वरचा. दलाला हाक मारायची ती खूण होती. मग नियंत्रण कक्षातल्या बाईचा सपाट आवाज आला.

"सर्व स्वयंसेवक. हॉपर रस्ता, स्टाउडर यांचं कोठार. शेजाऱ्यांना आत्ताच धूर दिसू लागला आहे."

तिचं बोलणं पुरतं संपलंही नसेल.

"बारा नंबर," ड्वेन म्हणाला. त्याला किंचित धाप लागली होती. "मी इथेच आहे."