अखंड धार

पोथीचं शेवटचं पान उलटायच्या आत पिंडीवरची धार तुटली. सलग तिसरा सोमवार! अध्याय संपेपर्यंत धार अखंड हवी, हा अनसूयाबाईंचा नेम. लेकीचा दोनदा राहिलेला विषय सुटावा म्हणून त्यांनी सोळा सोमवार धरले होते.

"जुन्या पसरट अभिषेकपात्रात दोन तांबे पाणी पुरायचं. हौसेनं हे उंच पात्र आणलं, भोकही तेवढंच, तरी तेवढंच पाणी पुरेना! देवच रुसलाय," त्या चिडून पुटपुटल्या.

दारातून लेक म्हणाली, "देव कशाला रुसेल, आई? पाणी जितकं उंच, तितका तळाशी दाब. धार जोरात सुटते, पाणी लवकर संपतं."

"एवढं कळतं, तर द्रवयांत्रिकीत नापास कशी होतेस गं?"

"पेपरात व्याख्या मागतात. त्याच पाठ होत नाहीत."

अनसूयाबाईंनी माळ्यावरचं जुनं पात्र उतरवलं. अध्याय पुन्हा पहिल्यापासून वाचला. तो संपला तरी पाणी उरलंच होतं.

पोथी बांधून त्यांनी शेजारी पाट मांडला. "बस इथे. धार चालू आहे तोवर एकेक व्याख्या सांग. पाठ नको म्हणूस. मला समजेल अशी सांग."