बोस्टनचं सिम

"तुझा बाप भलताच जड आहे रे," शवपेटीखाली खांदा सरकवत फिनबार डोनलला म्हणाला. "शेवटच्या रात्रीही पोतंभर बटाटे चेपले काय म्हाताऱ्यानं?"

बाकीचे खांदेकरी फिसकन हसले. त्याला हसू येईना.

बारा वर्षांत फिनबार गावातल्या एकाही मयताला आला नव्हता. तेव्हा स्वतःच्या आईला पुरताना त्याचा पाय घसरला आणि तो खड्ड्यात, थेट तिच्या पेटीवर पडला. डोनलनंच त्याचा व्हिडिओ काढला आणि गंमत म्हणून इंटरनेटवर टाकला. जग खो खो हसलं. नंतर लाज वाटून त्यानं आपला व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर त्याच्या प्रती सगळीकडे पसरल्या होत्या. मग त्यानंच डब्लिनच्या सरकारी ऑफिसात तक्रार केली. फोनवरची बाई म्हणाली, "युरोपात कुठेही दिसणार नाही. अमेरिकेत मात्र त्यांचा कायदा. तिथे आमचं काही चालत नाही."

डोनलनं फिनबारला सांगितलं, "जगातून पुसला!" म्हणून तर आज तो खांद्याला आला होता.

दफनभूमीच्या फाटकाशी खांदे बदलायला पेटी टेकवली. अमेरिकेहून आलेली मावसबहीण शॅनन डोनलला चिकटली.

"हा तोच ना? खड्ड्यातला?" तिच्या फोनवर फिनबार पडत होता.

डोनलच्या तोंडचं पाणी पळालं. "हे इथे कसं दिसतंय?"

"सिम बोस्टनचं आहे माझं. मी इथे आले तरी फोनच्या लेखी मी घरीच."

"आत ठेव तो. इथे बंदी आहे त्याला."

"आमच्याकडे नाही ना!" तिनं डोळा मारला. "आज परत पडला तर काय मजा!"

"काय दाखवतेय रे ती?" फिनबारनं विचारलं.

"काही नाही. कुत्र्यांचे व्हिडिओ."

फिनबार त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग पेटीखाली शिरला.

दोर सोडत सोडत पेटी तळाला टेकली. फादर प्रार्थना म्हणू लागले. दोर ओढून घ्यायला फिनबार खड्ड्याच्या काठावरच्या ओल्या फळीवर चढला. समोर शॅननचा फोन वर आला, नेमका त्याच्या बुटांवर.

डोनलनं फोनकडे पाहिलं. टाय सारखा केला. आणि जिथे फळी नव्हती तिथे सरळ पाऊल टाकलं.

धाड!

प्रार्थना थांबली. शॅननचा फोन गर्रकन खड्ड्याकडे वळला.

फिनबार फळीवर पालथा झाला आणि त्यानं हात खाली सोडला. हसून हसून त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"काळजी करू नको, गाढवा. उद्या मी करतो डब्लिनला फोन. युरोपातून तरी पुसतील."

बापाच्या पेटीवर बसल्या बसल्या डोनलनं हात वर केला. मान काही वर होईना.