पातेल्यातली कॉफी

अनीशची दोन ठरत आलेली लग्नं त्याच्या वडिलांनी, प्रतापरावांनी, होळकरी पणजोबांच्या तलवारीची गोष्ट सांगून सांगून मोडली होती. आज महूहून तिसरं स्थळ आलं होतं.

"वसुंधरा, आज दिमाग एकदम तेज पाहिजे. ती मशीनवाली नको, पातेल्यातलीच कॉफी उकळ," त्यांनी फर्मान सोडलं.

वसुंधराबाईंनी निमूटपणे दूध-साखरेत कॉफी उकळून कप भरले. नवऱ्याच्या कपात मात्र वरून सढळ हाताने जायफळ किसलं.

तलवार म्यानाबाहेर यायच्या आतच प्रतापरावांची मान कलली. डोळे उघडले तेव्हा साखरपुड्याची तारीखसुद्धा ठरली होती.



"जमवलं ना मी?" पेढा तोंडात टाकत ते बायकोला म्हणाले, "अगं, पातेल्यातल्या कॉफीची तरतरीच वेगळी!"