रोडरोलर

पाठ धरली की मी पालथा पडायचो आणि नात पाठीवरून चालायची. घरात तिचं नावच रोडरोलर. त्या दिवशी तिच्या टाचेखाली काडकन आवाज झाला आणि मी ओरडलो. तेव्हापासून पोर चवड्यांवर चालते. आज डॉक्टरबाई रिपोर्ट घेऊन माझ्या कॉटपाशी आल्या. “मायलोमा,” म्हणाल्या, “कॅन्सर.” लेकीनं कॉटचा दांडा घट्ट धरला. मी म्हटलं, “माझं राहू द्या, आधी पोरीला सांगा, मणका कुणी मोडला?” दाराशी नात चवड्यांवरच उभी होती. डॉक्टरबाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. “हाडांच्या आतल्या मगजात काही पेशी माजल्या. त्यांनी मणका आतून पोखरला. आजोबा नुसते शिंकले असते तरी मोडला असता. तू चाललीस, म्हणून आजार सापडला.” “रोडरोलर कधी चवड्यांवर चालतो का गं?” मी दटावलं. तिनं एक टाच हळूच टेकवली आणि कानोसा घेतला.