पाच-सहा मासे

टेलरताईंना दुकानामागच्या ओढ्यात पाच-सहा मासे मेलेले दिसले. पाण्यावर कारखान्याच्या रंगाचा निळा तवंग होता. ताईंनी फोटो काढून, जसं होतं तसं लिहून फोनवर पोस्ट टाकली. तिकडे कुत्रंही फिरकलं नाही.

"अगं, तिखटमीठ लावल्याशिवाय कोण वाचतंय?" थोरल्या जाऊबाई म्हणाल्या.

ओढ्याकाठच्या विहिरीचं पाणी दोघींची पोरं पीत होती. ताईंनी मन घट्ट केलं आणि लिहिलं, "हजारो मासे मेले!"

बघता बघता पोस्ट गावभर झाली. विरोधकांनी ताईंना डोक्यावर घेतलं. सत्तेतल्या पक्षाची माणसं "हजार मासे मोजून दाखवा" म्हणत हात धुऊन मागे लागली. सगळं भांडण आकड्यावर अडलं. पाण्याबद्दल कुणी चकार शब्द काढेना.

शेवटी ताईंना राहवेना. त्यांनी लिहिलं, "मी खोटं लिहिलं. मासे हजारो नाही, पाच-सहाच मेले. पण पाणी खरंच खराब आहे हो, कुणीतरी तपासा."

संध्याकाळी त्यांचीच कबुली फिरत फिरत त्यांच्याकडे परत आली. त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ठेवलं होतं, आणि वर ठळक मथळा होता: 'ओढा स्वच्छच! महिलेची कबुली.'

ताईंनी लगेच खरं काय ते सगळं पुन्हा पहिल्यापासून लिहून टाकलं.

खाली पहिलं उत्तर आलं ते सख्ख्या धाकट्या भावाचं.



"ताई, आता हे कितवं खरं?"