काचेपलीकडची ओळख

सासूबाई आकिताहून नागोया बघायला आल्या. रविवारी शिगेनोरीने त्यांना किल्ला दाखवला, टॉवर दाखवला आणि शेवटी प्राणिसंग्रहालयात आणलं.

"गोरिला कुठे ते यांना काय विचारतेस, आई?" त्याची बायको चिहारू म्हणाली. "ऑफिस सोडून या शहरातलं काही माहीत आहे का यांना?"

शिगेनोरी कसनुसं हसला आणि दोघींच्या मागे मागे राहू लागला.

गोरिला गर्दीकडे पाठ करून बसला होता. पोरं काच थोपटत होती, तरी ढिम्म हलेना. मग सहज त्याची मान वळली, आणि तो उठून थेट शिगेनोरीसमोर येऊन बसला. टाय नसलेल्या त्याच्या गळ्याकडे बघत काचेवर बोट घासत राहिला.

"जावईबापू, जुनी ओळख दिसतेय तुमची," सासूबाई खिदळल्या.

चिहारू मात्र हसली नाही.

कंपनीने शिगेनोरीला एप्रिलमध्येच काढून टाकलं होतं. घरी तो बोलला नव्हता. रोज सकाळी सूट-टाय चढवायचा, चिहारूने भरलेला डबा घ्यायचा आणि संध्याकाळपर्यंत याच काचेसमोरच्या बाकावर बसून राहायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिहारूने नेहमीसारखा दारात डबा हातात दिला. त्याचा टाय सरळ केला. आत सासूबाई झोपल्या होत्या, म्हणून आवाज अगदी खाली आणला.



"प्राणिसंग्रहालय सोमवारी बंद असतं ना. मग सोमवारी डबा कुठे खाता?"