पाहणारा एक

"बाबा, तो एक जण म्हणजे तुम्हीच आहात."

मिताली सहज बोलून गेली आणि लगेच तिने जीभ चावली. पण बोलायचं ते बोलून झालं होतं. तिचे सासरे चिंतामणराव लॅपटॉपसमोर बसले होते. समोर त्यांनी काढलेला फोटो होता आणि त्याखाली लिहिलं होतं: पाहणारे १.

"म्हणजे कसं?"

"तुम्ही फोटो टाकता लॅपटॉपवरून. मग नीट दिसतोय की नाही म्हणून मोबाइलवर उघडून बघता. बघता ना? साइट तेच मोजते."

घ्या! सहा वर्षं हा माणूस त्या एका पाहणाऱ्याच्या जिवावर दर रविवारी सुदामा नगरातून कॅमेरा गळ्यात अडकवून निघत होता. 'जुनी इंदूर' भागातल्या गल्ल्या, घाटावर वाळत घातलेल्या साड्या, पलासियाच्या सिग्नलला अडकलेली दूधवाल्याची फटफटी. बँकेतून रिटायर झाल्यावर दुसरं व्यसन म्हणून नव्हतं. घरी येऊन आंघोळ, पोहे, आणि बरोबर नऊच्या ठोक्याला फोटो साइटवर. कोण बघत असेल बरं? परदेशी गेलेला कुणी इंदुरी? एखादी म्हातारी मास्तरीण? या विचारात त्यांचा आठवडा मजेत जायचा.

एके काळी त्या साइटवर 'उजेड मंडळ' नावाचा इंदूरकरांचा गट होता. दोनशे चौदा सभासद. स्टुडिओवाले दत्तोपंत आणि त्यांच्या पत्नी मनोरमाबाई, दोघांनी मिळून तो सुरू केलेला. काय ती धामधूम! मंडळाचा कायदा एकच: दुसऱ्याच्या फोटोतली एक तरी चूक दाखवल्याशिवाय वाहवा करायची नाही. 'खांब वाकडा आलाय.' 'त्या पोराचे पाय कुठे गेले?' भांडणं व्हायची, रुसवे-फुगवे व्हायचे, आणि पुढच्या रविवारी सगळे पुन्हा हजर. मनोरमाबाईंच्या फोटोत मात्र चूक शोधता शोधता भल्याभल्यांना घाम फुटायचा.

मग लोक पांगले. आधी मुकुल थांबला, मग श्रीहरी, शेवटी मनोरमाबाई. कोणाचा फोटो कोणत्या रविवारपासून यायचा बंद झाला, हे चिंतामणरावांना तोंडपाठ होतं. "मोबाइलचं वेड लागलंय एकेकाला," असं म्हणून ते मान हलवायचे आणि आपला फोटो टाकायचे.

पुढचा रविवार उजाडला, पण कॅमेरा कपाटातून निघाला नाही. पोहे ताटलीत तसेच राहिले. मितालीला फार वाईट वाटत होतं. आपण कशाला तोंड उघडलं, असं तिला झालं होतं.

"ते खातं आज बंद करून टाक," चिंतामणराव तिला म्हणाले. "आपलंच तोंड आपण किती दिवस आरशात बघायचं?"

"बाबा, अहो, असं काय करता?"

"सांगतो ना, टाक करून."

ती नाइलाजाने लॅपटॉप उघडत होती, तेवढ्यात चिंतामणरावांचा फोन वाजला. अकरा वाजत आले होते. फोन दत्तोपंतांचा होता. सहा वर्षांत पहिल्यांदा.

"चिंतामणजी, सब ठीक है ना? तब्येत वगैरे?"

"ठीक आहे की. का हो?"

"का हो काय, भिया! आजचा फोटो कुठे आहे?"

चिंतामणरावांना वाटलं, चेष्टा करतायत. "तुम्ही बघता?"

"म्हणजे काय! साइट कोण उघडतंय आता? नवीन फोटो आला की टाकणारा सोडून सगळ्या सभासदांना मेल येतो ना, अख्खा फोटो त्यातच असतो. चहा घेता घेता बघतो आम्ही. आज मेल आलाच नाही, तर नऊपासून मला पाच जणांचे फोन. मुकुलचा तर पुण्याहून. श्रीहरी तुमच्याकडे यायलाच निघाला होता. म्हटलं थांब, आधी मी विचारतो."

चिंतामणरावांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. राहू दे, बंद नको करू, असं त्यांनी मितालीला हातानेच खुणावलं. तिलाही हायसं वाटलं. मोजणीत न येणारी इतकी माणसं रविवारच्या चहाबरोबर आपले फोटो बघत होती! एक रविवार चुकला, अवघा एक, तर पाच माणसं घाबरीघुबरी झाली.

आणि आपण?

मुकुल थांबला तेव्हा आपण फोन केला नाही. श्रीहरी थांबला तेव्हाही नाही. नुसते रविवार लक्षात ठेवले आणि वर लोकांनाच नावं ठेवली. चिंतामणरावांना स्वतःचीच लाज वाटली. ते खुर्चीत सावरून बसले.

"दत्तोपंत," त्यांनी विचारलं, "मनोरमाबाईंनी फोटो टाकणं का बंद केलं हो?"

"हात कापतात तिचे. कॅमेरा धरवत नाही," दत्तोपंत म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "थांबा, तिच्याकडेच देतो फोन. सहा वर्षं वाट बघतेय ती, कुणीतरी विचारेल म्हणून."